शिरगणती : सायक्सच्या यादीपासून सह्याद्रीतल्या कॅमेऱ्यापर्यंत

१८२५ ते १८२९ या पाच वर्षांत एकट्या खानदेशात १,०३२ वाघ मारले गेले, अशी एक नोंद आहे. म्हणजे वर्षाला दोनशेहून अधिक. आकडा वाचून आधी धक्का बसतो आणि मग मराठीच्या मास्तरची खोड म्हणून शब्दापाशी अडखळायला होते. आपल्याकडे वाघ म्हटला की पट्टेरी वाघही आला आणि बिबट्या वाघही आला. गावच्या पाटलाने किंवा मामलेदाराच्या कारकुनाने ‘वाघ’ म्हणून जे लिहिले, ते वरच्या कचेरीतल्या इंग्रजी तक्त्यात सरसकट ‘टायगर’ होऊन उतरले असेल, तर त्या हजारांत बिबळे किती होते, असा प्रश्न उरतोच. पण तो बाजूला ठेवला तरी एक गोष्ट निश्चित आहे. महाराष्ट्रातल्या वाघांविषयीच्या सुरुवातीच्या छापील आकड्यांपैकी हा एक, आणि तो मेलेल्या वाघांचा आहे.

हा आकडा ज्याने छापला तो शिकारी म्हणून प्रसिद्ध नव्हता. विल्यम हेन्री सायक्स (१७९०–१८७२) हा कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला अधिकारी. पेशवाई १८१८ साली बुडाली आणि सहा वर्षांनी, १८२४ मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने त्याला दख्खनचा सांख्यिकी प्रतिवेदक नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टोरेटांतली माणसे किती, जमिनी कशा, पिके कोणती, वजने-मापे काय, पाऊस कधी आणि हवेचा दाब किती, हे सारे टिपण्याचे त्याचे काम होते. नवा मुलूख हाती आल्यावर राज्यकर्ता आधी मोजणीला लागतो. त्या मोजणीत जनावरेही आली. पुण्याच्या परिसरात आणि घाटमाथ्यांवर फिरताना सायक्सने जे पाहिले, मारले, सोलले आणि पेंढा भरून ठेवले, त्याची यादी ‘दख्खनमध्ये आढळलेले सस्तन प्राणी’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कार्यवृत्तात १८३१ साली प्रसिद्ध झाली.

ही यादी मराठी वाचकाने एकदा तरी पाहावी. विज्ञानासाठी पाहावीच, पण भाषेसाठी अधिक. सायक्स जनावराचे लॅटिन नाव देतो आणि त्याच्या शेजारी ‘मराठ्यांचा’ म्हणून मराठी नाव देतो. रानकुत्र्यापुढे ‘कोळसून’ आहे, लांडग्यापुढे ‘लांडगा’ आहे, तरसापुढे ‘तरस’ आहे. हे सगळे त्या काळच्या ओबडधोबड रोमन वळणात. ही नावे त्याला कोणी सांगितली? बरोबर चालणारा एखादा कोळी, रामोशी, पारधी, गावचा जागल्या यांपैकी कोणीतरी. त्या सांगणाऱ्याचे नाव यादीत नाही. सायक्सने लांडग्याच्या आपल्याकडच्या जातीला ‘पॅलिपेस’ म्हणजे फिकट पायांचा असे नाव दिले, ते आजही शास्त्रात चालते. कोळसुनाला त्याने ‘दख्खनेन्सिस’ केले, आणि सह्याद्रीतल्या मोठ्या तांबूस खारीला, म्हणजे आपल्या शेकरूला, आपल्या वरिष्ठाची आठवण म्हणून ‘एल्फिन्स्टनी’ हे नाव चिकटवले. जे शेकरू पुढे महाराष्ट्राचा राज्यप्राणी झाले आणि ज्याच्यासाठी भीमाशंकरचे रान १९८५ पासून अभयारण्य म्हणून राखले गेले, त्याच्या शास्त्रीय नावात मुंबईच्या गव्हर्नराने असे घर केले. असो.

सायक्सच्या पद्धतीत जनावर मोजायचे तर ते हाताशी यावे लागे, आणि हाताशी येण्यासाठी ते मरावे लागे. ‘शिरगणती’ हा आपला शब्द माणसांच्या मोजणीसाठी वापरला जातो. जनावरांच्या बाबतीत तो अक्षरशः खरा होता. मारलेल्या वाघामागे सरकारी इनाम मिळे, त्यासाठी पुरावा कचेरीत हजर करावा लागे, आणि वहीत नोंद होई ती त्या पुराव्याची. जिवंत वाघ या हिशेबात कुठेच नव्हते.

पुढची ऐंशी वर्षे या पद्धतीत मूलतः फरक पडला नाही. १८८३ साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली आणि १९११ मध्ये तिने भारतातल्या सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले. लोकांकडून वर्गणी गोळा करून, पगारी संग्राहक नेमून केलेले ते काम होते. त्यामागची कल्पना रॉटन या निवृत्त वनाधिकाऱ्याची, ज्याची नोकरी मुंबई इलाख्याच्या जंगलांत झाली होती. पहिला संग्राहक चार्ल्स क्रंप. त्याला कुठे पाठवले? पुन्हा खानदेशातच. १९२३ पर्यंत चाललेल्या या कामात उंदीर, घुशी, चिचुंद्री, वटवाघळे, मुंगसे यांची हजारो कातडी आणि कवट्या गोळा झाल्या, लंडनला गेल्या, तिथे नवनव्या जाती-उपजाती ठरल्या. आपल्या डोंगरांत कोणकोणते लहान प्राणी आहेत याचे आजचे ज्ञान बऱ्याच अंशी त्या कवट्यांवर उभे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या सर्वेक्षणाला ‘कोणते’ हा प्रश्न होता. ‘किती’ हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता, कारण किती याची चिंता वाटावी इतके काही कमी झाले आहे, हे अजून कोणाच्या मनात नव्हते.

जनावराला न मारता त्याचा पुरावा मिळवावा, ही कल्पना आपल्याकडे रुजवली ती एका वनाधिकाऱ्याने. फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन हा संयुक्त प्रांतात, शिवालिकच्या टेकड्यांत नोकरीला होता. त्याला बंदुकीचे आकर्षण नव्हते. रात्री वाघ ज्या वाटेने जातो त्या वाटेवर तो कॅमेरा बांधी, आडवी तार लावी, आणि वाघाचा पाय तारेला लागला की झगझगीत उजेड पडून चित्र निघे. एका रात्री एक चित्र. पुन्हा काच बदलायची, पुन्हा तार ताणायची. त्याची छायाचित्रे १९२५ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात झळकली आणि १९२७ मध्ये ‘विथ अ कॅमेरा इन टायगरलँड’ हे पुस्तक आले. त्याने आणखी एक गोष्ट हेरली होती. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात आणि चित्रांवरून वाघ ओळखता येतो. आजचे सारे शास्त्र या निरीक्षणावर उभे आहे. पण त्याचा मोजणीसाठी उपयोग व्हायला पुढे साठ-पासष्ट वर्षे जावी लागली.

मधल्या काळात आला तो ठशांचा जमाना. ओडिशातले वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६६ च्या सुमारास वाघाच्या पंजाच्या ठशावरून वाघ ओळखण्याची रीत बसवली. हेच चौधरी पुढे सिमलीपालचे क्षेत्रसंचालक झाले आणि ‘खैरी’ नावाची वाघीण त्यांनी घरात वाढवली. ठरलेल्या दिवसांत हजारो वनरक्षकांनी आपापल्या बीटमधल्या वाटा तुडवायच्या, मागच्या डाव्या पंजाचा उमटलेला ठसा काचेवर ठेवलेल्या कागदावर गिरवून घ्यायचा, प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा काढायचा आणि वर पाठवायचा. १९७२ साली अशा पद्धतीने झालेल्या पहिल्या देशव्यापी मोजणीत १,८२७ वाघ निघाले, आणि पुढच्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. या पद्धतीची थट्टा करणे आता सोपे आहे. मला ती करावीशी वाटत नाही. या देशात जिवंत वाघ मोजायला माणूस पहिल्यांदा निघाला तो या काचा घेऊन. आणि त्या मोजणीसाठी वनरक्षकाला वर्षातून काही दिवस तरी आपले सारे रान पायाखाली घालावे लागे.

पण ठसा मऊ धुळीत एक दिसतो, चिखलात दुसरा, वाळूत तिसरा. तोच वाघ पळाला तर ठसा पसरतो. सह्याद्रीच्या सड्यांवर, जांभा दगडावर तर ठसा उमटतच नाही. साच्यावरून हा वाघ तोच की दुसरा, हे शेवटी कार्यालयात बसलेल्या साहेबाच्या नजरेवर ठरे. आणि गेल्या खेपेपेक्षा आकडा घटला तर जाब कोणाला द्यावा लागणार, हे सर्वांना ठाऊक असे. व्हायचे तेच झाले. राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पात कागदावर वाघ होते. २००५ च्या आरंभी तिथे एकही वाघ उरलेला नाही हे उघड झाले. सारे शिकाऱ्यांनी नेले होते. पंतप्रधानांनी सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले, आणि ठशांची पद्धत मोडीत निघाली.

माझा स्वतःचा मोजणीशी आलेला संबंध याच सुमाराचा. पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरच्या एका अभयारण्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरची गणना असे, आणि शहरातले आमच्यासारखे हौशे त्यासाठी नावे नोंदवीत. (या कार्यक्रमाला नंतर ‘निसर्गानुभव’ असे नाव मिळाले, ते अधिक प्रामाणिक आहे.) मचाणावर आम्ही दोघे मित्र आणि पन्नाशीचे एक वनमजूर. हातात छापील तक्ता : वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू. रात्री अकराच्या सुमारास एक भेकर आले, बिचकत पाणी प्याले, गेले. दोन वाजता पुन्हा भेकर आले. मी तक्त्यावर ‘२’ केले. वनमजूर अंधारातच म्हणाले, “तीच हाय. डावा कान फाटलाय तिचा.” मी चांदण्यात डोळे ताणले, मला कान काय, शिंगे आहेत की नाहीत हेही नीट दिसत नव्हते. मी ‘२’ खोडून ‘१’ केले. सकाळी खाली उतरल्यावर कळले की अर्ध्या कोसावरच्या दुसऱ्या मचाणावरही पहाटे एक भेकर आले होते. मादीच. कान कोणी पाहिला नव्हता. बेरजेत दोन धरली गेली.

ती खोडाखोड मी बरीच वर्षे विसरलो होतो. पुढे उल्हास कारंथ यांच्या कामाविषयी वाचताना ती आठवली. कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात कारंथ यांनी नव्वदीच्या दशकात कॅमेरा सापळे लावून वाघ मोजले आणि १९९५ साली त्यावरचा त्यांचा शोधनिबंध आला. त्याचे मर्म फाटक्या कानातच आहे. समजा, पहिल्या खेपेला कॅमेऱ्यांत दहा निरनिराळे वाघ आले. काही दिवसांनी दुसऱ्या खेपेला बारा आले आणि पट्टे ताडून पाहिल्यावर त्यांतले सहा पहिल्या खेपेचेच निघाले. म्हणजे दुसऱ्या खेपेतले निम्मे आपल्या ओळखीचे होते. तर मग पहिल्या खेपेचे दहा हे एकूणातले साधारण निम्मे असावेत. रानात वीसच्या आसपास वाघ आहेत. युरोपात मासे मोजण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापरलेली ही युक्ती. प्रत्यक्षातले गणित याहून बरेच किचकट आहे, पण गाभा हाच. आणि त्यातली खरी मोलाची गोष्ट अशी की, जे वाघ दिसलेच नाहीत त्यांचाही अंदाज ही पद्धत बांधते आणि अंदाज कितपत चुकू शकतो तेही सांगते. ठशांच्या मोजणीला आपली चूक किती, हे सांगता येत नव्हते. ती फक्त आकडा सांगे.

यंत्र तसे साधे आहे. गुडघाभर उंचीवर झाडाला बांधलेला एक डबा. समोरून ऊबदार अंगाचे काही हलले की त्याला कळते आणि चित्र निघते. वाघासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक डबा बांधतात, कारण वाघाचे डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे सारखे नसतात. एकाच बाजूचे चित्र मिळाले तर एक वाघ दोनदा मोजला जाण्याची भीती. २००६ पासून देशाच्या मोजणीत ही पद्धत आली. त्या वर्षीचा अंदाज १,४११ वाघांचा होता आणि आधीचा, ठशांचा, ३,६४२. वर्तमानपत्रांनी दोन्ही आकडे शेजारी छापून वाघ निम्म्याहून कमी झाले असा आक्रोश केला. वाघ घटले होतेच, पण ती वजाबाकी चुकीची होती. दोन निराळ्या मापांनी मोजलेले धान्य एकमेकांतून वजा करता येत नाही. २०१८ च्या मोजणीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि साडेतीन कोटींच्या जवळपास चित्रे निघाली. त्यांतली वाघांची ७६,६५१. बाकीची सांबरांची, गव्यांची, वानरांची, गुरांची, वाऱ्याने हललेल्या गवताची आणि माणसांची.

आता आपल्या डोंगरांकडे येऊ. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०१० मध्ये झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेले सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर. चांदोलीतली गावे उठली. त्यांची ओस पडलेली शेते आता गव्या-सांबरांची कुरणे आहेत. आणि मग जो प्रश्न विचारला जाणार होता तो विचारला गेला : वाघ कुठे आहे? प्रकल्पाच्या लोकांकडे उत्तर होते. ठसे होते, विष्ठा होती, झाडावरचे ओरखडे होते. चित्र नव्हते. सरिस्कानंतरच्या काळात चित्र नाही म्हणजे वाघ नाही, असा एक कठोर समज रूढ झाला होता. ‘वाघाविना व्याघ्र प्रकल्प’ ही थट्टा कऱ्हाड-कोल्हापूरच्या बातम्यांतून आठ वर्षे चालली. मे २०१८ मध्ये चांदोलीत एका कॅमेऱ्यासमोरून वाघ गेला, तेव्हा ती थांबली.

या आठ वर्षांचा विचार मी पुष्कळदा करतो. ‘आहे’ हे एका चित्राने सिद्ध होते. ‘नाही’ हे हजार चित्रांनी होत नाही. तिथे केवळ किती शोधले हे सांगता येते. आणि सह्याद्रीत शोधणे सोपे नाही. कोयनानगर-नवज्याच्या बाजूला पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. जूनच्या आत कॅमेरे उतरवावे लागतात. राहिले तर काचेच्या आत बाष्प धरते, डब्यात मुंग्या घर करतात. मध्य भारतातल्या पानगळीच्या रानात वाघ जीपच्या रस्त्याने चालतो, आणि कॅमेरा कुठे बांधायचा हे जवळजवळ नकाशाच सांगतो. इथे कडे आहेत, नाळा आहेत, कारवीचे रान आहे. ज्या घाटवाटेने पूर्वी बैल उतरत त्याच वाटेने गवा उतरतो आणि त्याच्यामागून बिबळ्या. ती वाट नकाशावर नसते. ती ठाऊक असते ती उठवलेल्या गावांतल्या म्हाताऱ्यांना, धनगरांना आणि त्यांच्यातूनच भरती झालेल्या वनमजुरांना. आठ वर्षे ज्यांच्या ठसे-ओरखड्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवला गेला नाही, त्यांनीच दाखवलेल्या वाटांवर कॅमेरे बांधले जात होते. चित्र निघाले तेव्हा श्रेय कॅमेऱ्याला मिळाले.

कॅमेऱ्याचे ऋण मात्र मोठे आहे. सह्याद्रीतला वाघ हा तिथेच मुक्काम करणारा की दक्षिणेकडून येणारा पाहुणा, या वादाचा निकाल त्याच्याशिवाय लागला नसता. २०२२ साली राधानगरीत ज्या नराचे चित्र मिळाले होते, तोच डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत दिसला. पट्टे जुळले. म्हणजे राधानगरीपासून उत्तरेकडे रानाची एक तुटक का होईना पण वाट अजून आहे, वाघ ती वापरतो, आणि तिच्यावर खाणी, रस्ते, फार्महाउसे आली तर ती बंद होईल. हे पूर्वी तर्काने म्हटले जाई. आता त्या वाटेने गेलेल्या वाघाचे दोन टोकांवरचे फोटो दाखवता येतात.

कॅमेऱ्याने आणखी एक समजूत मोडली, आणि ती पुण्याच्या अधिक जवळ. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात उसात राहणारे बिबळे पकडून दूरच्या रानात सोडले गेले. कल्पना सरळ होती : बिबळ्या रानाचा, तो चुकून शेतात आला, त्याला घरी पोचवावे. पुण्याच्या विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा दिसले की, या सोडासोडीच्या आधी जुन्नरला वर्षाला सरासरी चार हल्ले होत, नंतर ते सतरांवर गेले. मग त्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात, जिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात आणि रान म्हणावे असे काही नाही, तिथे कॅमेरे लावले. शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबळे निघाले आणि तितकीच तरसे. २०१३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बिबळ्या चुकून आलेला नव्हता. तो तिथला रहिवासी होता. ज्या पट्ट्यातले महादेव कोळी वाघबारसेला वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावतात त्यांना ही बातमी नवी नव्हती. पण वाघोबाच्या दगडाला जर्नलमध्ये जागा नसते, आणि सरकारी धोरण बदलायचे तर जर्नल लागते. धोरण तरी किती बदलले? २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या परिसरात लहान मुले आणि म्हातारी माणसे बिबळ्याच्या हल्ल्यांत गेली, लोक रस्त्यावर उतरले, आणि पुन्हा पकडा, हलवा, मारा याच मागण्या झाल्या. ज्यांच्या घरातले मूल गेले त्यांना शंभर चौरस किलोमीटरला पाच हा आकडा ऐकवण्याचे धैर्य माझ्यात नाही.

या यंत्राला काय दिसत नाही, हेही पाहायला हवे. ते गुडघ्याच्या उंचीवर आहे आणि वाटेकडे तोंड करून आहे. त्याला झाडावरचे काही दिसत नाही. भीमाशंकरचे शेकरू जमिनीवर क्वचित उतरते. कॅमेऱ्याच्या हिशेबात ते जवळजवळ नाहीच. म्हणून शेकरूची मोजणी अजून माणसे माना वर करून घरटी मोजत करतात. सायक्सने एल्फिन्स्टनचे नाव दिलेला प्राणी या नव्या दप्तराबाहेर राहिला, याची मला थोडी गंमत वाटते. ज्यांच्या अंगावर पट्टे किंवा ठिपके नाहीत, त्या सांबर-भेकर-रानकुत्र्यांचीही गोष्ट अवघड. ते ‘आहेत’ एवढे चित्र सांगते; हा तोच की दुसरा, हे सांगत नाही. तिथे फाटका कानच शोधावा लागतो.

आणि त्याला जे दिसू नये ते दिसते. कॅमेऱ्याला ऊब आणि हालचाल कळते, जात कळत नाही. मोळी घेऊन जाणारी बाई, मधाला निघालेला माणूस, आडोशाला बसलेले कोणी, सगळेच त्यात येतात. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की कॅमेऱ्यांच्या भीतीने रानात जाणाऱ्या बायका मोकळेपणाने बोलेनाशा, गाईनाशा झाल्या. एरवी हे गाणे-बोलणेच जनावराला माणसाची चाहूल देते. वाघ मोजण्याच्या यंत्राने बायका गप्प झाल्या आणि गप्प झाल्याने वाघाच्या तोंडी जाण्याचा धोका वाढला, असा हा विचित्र फेरा. सायक्सला नेमले तेव्हा त्याच्या एकाच दप्तरात माणसे आणि जनावरे दोन्ही मोजली जात होती. दोनशे वर्षांनी एकाच कार्डावर दोन्ही पुन्हा एकत्र आली आहेत, आणि या वेळीही कोणाला विचारलेले नाही.

नावांचे काय झाले, तेही सांगायला हवे. ठशांच्या काळापर्यंत वाघ बेनावाचा होता. कॅमेऱ्याने त्याला क्रमांक दिला : एसटीआर-टी १, टी २, टी ३. पण सह्याद्रीत क्रमांकावर कोणाचे भागेना. नोंदवल्या गेलेल्या तिन्ही नरांना सेनापती, सुभेदार आणि बाजी अशी नावे मिळाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून एक वाघीण आणून चांदोलीत सोडली गेली, तिचे नाव तारा ठेवले गेले. चार जिल्ह्यांच्या इतिहासाला शोभतील अशीच ही नावे. कोळसून आणि तरस या नावांना असा कोणताही वंश नव्हता, ती रानात फिरणाऱ्या माणसाने जनावराकडे बघून ठेवलेली होती. आज माझ्या वर्गातल्या मुलांना ‘ढोल’ हे माहितीपटांतले नाव माहीत असते, कोळसून माहीत नसतो.

कॅमेरे बांधून झाले की एक चाचणी घ्यावी लागते. यंत्र चालू करून वनमजूर दूर जातो, मग गुडघ्यांवर आणि हातांवर येऊन जनावरासारखा वाटेवरून रांगत जातो, आणि डबा टिपतो की नाही ते पाहिले जाते. मग हातात पाटी धरून तो समोर उभा राहतो. पाटीवर जागेचा क्रमांक आणि तारीख असते. म्हणजे प्रत्येक कार्डावरचे पहिले चित्र रांगणाऱ्या माणसाचे असते आणि दुसरे पाटी धरलेल्या माणसाचे. महिन्याभराने कार्ड कचेरीत येते, संगणकावर चित्रांची निवड सुरू होते, आणि जागा-तारीख उतरवून घेतली की ही दोन चित्रे सर्वांत आधी बाजूला काढली जातात.